कबरबागेतला पार

"पिंपळाला पाणी घालून घरी येईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. वाटेत कोणी हाक मारली तरी न्हाई, अन् तिथला एखादा गोरा कबरीतून उठून राम राम म्हणला तरी न्हाई!"

सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा सुमनबाईंच्या लग्नाला दोन महिने झाले होते. त्यांना हसू आलं होतं. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांना जाऊनही आता अठरा वर्षं झाली, पण सकाळी तांब्या हातात घेतला की तो आवाज कानाशी येतो आणि सुमनबाईंचे ओठ आपसूक मिटतात. परत येऊन तुळशीला उरलेलं पाणी घातलं की मगच पहिला शब्द. तोही देवाचं नाव. मग चहाचं आधण.

पिंपळ होता कबरबागेत. हिंगोलीत छावणी होती त्या काळातली ही गोऱ्यांची दफनभूमी. पुढं नगरपालिकेनं तिला कुंपण घातलं, चालायला वाट केली, लेकरांसाठी घसरगुंडी बसवली, म्हाताऱ्यांसाठी बाकडी टाकली. कबरी होत्या तिथंच राहिल्या. त्यामुळं सकाळी फिरायला येणारी माणसं कबरींना वळसे घालत चालतात. पोलीस भरतीची पोरं एका कर्नलच्या छातीवर पाय टेकवून बुटाच्या नाड्या बांधतात. उन्हाळ्यात शेजारच्या आळीतल्या बाया सपाट कबरींवर धुतलेलं धोतर अंथरून कुरडया वाळवतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "कावळे येत न्हाईत. साहेब राखण करतो."

मुक्यानं चालणाऱ्या माणसाला फार दिसतं. कोण पाच फेऱ्या सांगून दोनच मारतो, कोणाचा फोन कोणासमोर आला की कट होतो, हे सगळं सुमनबाईंना ठाऊक होतं आणि ते कधीच कोणाला कळलं नव्हतं. आणखी एक गोष्ट कोणाला कळली नव्हती. पिंपळापासून वीस पावलांवर एक लहानशी कबर होती. वर पाटाएवढा पांढरा दगड, त्यावर अक्षरं, आणि अक्षरांखाली कोरलेलं पाच पाकळ्यांचं फूल. त्यातली एक पाकळी टवका उडालेली. नात सृष्टीनं एकदा वाचून सांगितलं होतं, "आजी, ही अकरा महिन्यांची मुलगी होती गं." नावही सांगितलं, पण ते काही सुमनबाईंच्या जिभेवर बसलं नाही. त्या तिला मनातल्या मनात चिमी म्हणायच्या. तेव्हापासून रोज परडीतलं एक फूल चिमीला. आधी बोटानं त्या पाच पाकळ्यांतली धूळ पुसायची, मग वर खरं फूल ठेवायचं.

यंदा अधिक महिना आला जेठात. आळीतल्या बायांनी पिंपळाला रोज तेहतीस प्रदक्षिणांचा नेम धरला. झाडाभोवती काटे अन् खडे, म्हणून उकंडरावांनी पार बांधून द्यायचं जाहीर केलं. उकंडराव म्हणजे सुमनबाईंचे यजमान. तहसीलमधून निवृत्त झाल्यापासून ते बागेच्या समितीचे अध्यक्ष होते आणि पदाला शोभेल अशी पांढरी टोपी घालून फिरायला जात. महिना लागायच्या आदल्या आठवड्यात ते बायकोला म्हणाले, "तू काहून जात न्हाईस गं कुरुंद्याला? बहीण किती बोलावून राहिली. जा चार दिवस. महिना लागला की निघणं होणार न्हाई."

सुमनबाई गेल्या. परत आल्या तर पार तयार. करड्या फरशीचा, वर सिमेंटचं पाणी फिरवलेला, गुळगुळीत. उद्घाटनाला बायांनी उकंडरावांना नारळ आणि शाल दिली होती. सुमनबाईंना नवऱ्याचं कौतुक वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तेहतीस हळकुंडं ओटीत घेऊन प्रदक्षिणा घातल्या. एक फेरी झाली की एक हळकुंड पाराच्या कडेला ठेवायचं, म्हणजे मोजताना चूक होत नाही आणि बोलावंही लागत नाही.

मग फूल घेऊन त्या चिमीकडे वळल्या. तिथं दगड नव्हता. पाटाएवढी ओली, काळी जमीन आणि तिच्यावर पांढऱ्या मुंग्यांची धावपळ. सुमनबाईंनी मान वर करून पाहिलं. भिंतीकडच्या दोन कबरीही उघड्या होत्या.

चोरी! ओरडावंसं वाटलं, पण तोंड बंद होतं. फूल त्या तशाच उघड्या मातीवर ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पाहिलं. बागेचा राखणदार प्रेमसिंग फाटकातून सायकल ढकलत निघाला होता. मागच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी चपटं, दोरीनं आवळून बांधलेलं. पाटाएवढंच. त्याची आणि सुमनबाईंची नजर भेटली. रोज "राम राम काकू" म्हणणारा प्रेमसिंग काही बोलला नाही. खाली बघत, चाकाकडे काहीतरी शोधल्यासारखं करत निघून गेला.

घरी येऊन तुळशीला पाणी घातल्याबरोबर सुमनबाई बोलल्या, आणि त्या दिवशी देवाचं नाव मागं राहिलं.

"अहो, प्रेमसिंग काहीतरी नेऊन राहिला सायकलवर. गोणपाटात बांधून. अन् तिकडं तीन कबरींचे दगड न्हाईत."

उकंडराव बशीत चहा ओतत होते. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. अगदी लगेच.

संध्याकाळपर्यंत आळीला कळलं. दुसऱ्या दिवशी बागेला. कोणी म्हणालं, प्रेमसिंग तांड्यावर घर बांधून राहिला म्हणे. कोणी म्हणालं, असला दगड मसाला वाटायला एक नंबर. समितीतल्या उत्तमरावांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्यांच्या डोळ्यांसमोर कर्नलची कबर बोटभर आखूड झाली आहे. "अहो, तुमचं पोट मधी आडवं आलं आसंल," असं कोणीतरी म्हणालं तेवढंच. बाकी कोणाला शंका नव्हती. सोमवारी सकाळी नऊ वाजता बागेतच बैठक ठरली. नगरपालिकेचे साहेब येणार, प्रेमसिंगला काढणार, त्याची फाटकाजवळची राहती खोली रिकामी करून घेणार, आणि ठाण्यात तक्रारही देणार.

सुमनबाई रोज प्रदक्षिणा घालत होत्या आणि बघत होत्या. पारावरून वळसा घालताना फाटकाजवळची ती खोली एकदा नजरेसमोर यायची. तेहतीस फेऱ्या, तेहतीस वेळा. प्रेमसिंग झाडत असायचा, पण पिंपळाकडची बाजू सोडून. त्याची बायको पारुबाई आधी सुमनबाईंसाठी नळाखाली बादली भरून ठेवायची, आता बादली पालथी असायची. दार अर्धं लोटलेलं. आत कोणीतरी पुटपुटत असल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा. अपराधी माणसाचं घर असंच दिसतं, असं सुमनबाईंना वाटलं. नंतर वाटलं, की दारासमोरून रोज तेहतीस वेळा कोणी असं बघत गेलं, तर कोणाचंही घर असंच दिसेल. हा दुसरा विचार त्यांनी झटकून टाकला.

शनिवारी एकोणिसाव्या फेरीला हळकुंड ठेवताना हात ओला होता. ते निसटलं, पाराच्या कडेवरून घरंगळलं आणि फरशीखालच्या फटीत गेलं. रोजच्या पाण्यानं तिथली माती वाहून गेली होती. मोजणी चुकू नये म्हणून सुमनबाई खाली बसल्या आणि फटीत बोटं घातली.

हळकुंड हाताला लागलं. त्याच्या वर, फरशीच्या खालच्या अंगाला, बोटांना एक पाकळी लागली. मग दुसरी. तिसरी. चौथीचा टवका उडालेला होता.

त्या किती वेळ तशा बसून राहिल्या कोण जाणे. मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, चक्कर आली का?" त्यांनी मान हलवली. त्या फुलाची धूळ ज्या बोटांनी सात वर्षं पुसली होती, त्या बोटांना आणखी पुरावा लागत नव्हता. दगड उलटा करून, पालथा बसवलेला. वरून सिमेंटचं पाणी. आणि त्यावरून त्या सहा दिवस अनवाणी चालल्या होत्या, नेमानं, पुण्य मोजत.

उरलेल्या चौदा फेऱ्या त्यांनी पाराच्या खाली उतरून, काट्यांतून पूर्ण केल्या.

घरी आल्यावर देवाचं नाव घेतलं, चहा केला, आणि दुसरं काहीच बोलल्या नाहीत. दुपारी अनारशाचं पीठ मळायला बसल्या. जावयाला अधिकाचं वाण द्यायचं होतं. उकंडराव खाटेवर पेपर वाचत पडले होते.

"अहो, ती पाराची फरशी कुठून आणली वो?"

"कोणती? ती होय. वसमतहून."

"चांगली निघाली."

"मग! बघून आणली."

सुमनबाईंनी खसखशीवर एक अनारसा थापला. कढईत सोडला. तो तुपात जाळी धरू लागला.

"धाकट्याच्या अंगणात घालायची म्हणते मी तशीच. दुकानाचं नाव सांगा, त्याला फोन करते."

"अगं, दुकान कसलं. नांदेडचा माणूस होता. ट्रकवाला."

"वसमतचा?"

"नांदेडचा. वसमतला आला होता." पेपर वर गेला. पेपराच्या मागून आवाज आला, "तुला काय करायचं? अनारसा जळून राहिला बघ."

अनारसा जळत नव्हता. सुमनबाईंनी तो झाऱ्यानं अलगद काढला आणि नवऱ्याच्या पायांकडे नीट पाहिलं. अंगठा सारखा हलत होता. तहसीलमध्ये कोणी साहेब तपासणीला आला की घरी हा अंगठा असाच हलायचा. त्यांना कुरुंदा आठवलं. छत्तीस वर्षांत या माणसानं "बहिणीकडं जा" असं आपण होऊन कधी म्हटलं होतं? विचारूनही परवानगी द्यायला चार दिवस लावणारा माणूस.

आणि ते "मला वाटलंच होतं". अगदी लगेच.

रविवारी दुपारी, उकंडराव समितीच्या कामाला बाहेर गेले असताना पारुबाई आली. आत आली नाही. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून.

"आत ये की, पारू."

"न्हाई काकू. आत आले तर परत काही गेलं म्हणतील."

सुमनबाईंना ते लागलं. "बस तरी."

"बसायला न्हाई आले. एक इचारायचं हाय. तुमी आमच्या माणसाला काय नेताना पाहिलं?"

"गोणपाटात बांधलेलं होतं. चपटं."

"फळी व्हती. बाकड्याची, तुटलेली. दोन महिने पडून व्हती नळामागं. आमच्या पोरीची, संगिताची, बारावी हाय, पुस्तकं जमिनीवर ठेवली की वाळवी लागती. मांडणी करायला सुताराकडं नेली. चला खोलीवर, दाखवते. ठोकून बी टाकली." ती श्वास घ्यायला थांबली. "नगरपालिकेची फळी नेली, इतकी चोरी झाली. तेवढी सांगा सोमवारी. ती कबूल हाय."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं त्यानं?"

"कोणाला सांगावं? तुमी बोलत न्हाई, अन् बोलणारे इचारत न्हाईत."

 सुमनबाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांना उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं. "पार बांधला तेव्हा तुम्ही कुठं होता गं?"

"तांड्यावर. भाच्याचं लगीन व्हतं. तुमच्या साहेबांनीच धाडलं की. एरवी एक दिवस मागितला तर चार प्रश्न, अन् तेव्हा म्हणले, चार दिवस जाऊन ये प्रेमसिंग, बागेकडं मी बघतो. आलो तर पार झालेला." पारुबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "काहून इचारता?"

सुमनबाई उठल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आळीत कोणी नव्हतं. तरी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला.

"दगड पाराखाली आहेत. पालथे. एक मी हातानं चाचपलाय."

पारुबाईनं पदर मागं सारला. मग हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "म्हंजी आमी जे राखायचं, तेच साहेबांनी..." ती थांबली. "आमच्या माणसाला म्हणले होते सगळे, चोरी म्हणलं की तांड्याकडं बोट जाणारच, तू मनाला लावून घेऊ नको. बोट कोणाचं व्हतं पहिलं, काकू?"

"माझं."

पारुबाईला वाटलं नव्हतं काकू इतक्या सरळ म्हणतील. तिचा चेहरा थोडा सैल झाला. "तुमी घरात हे सांगताल. घरातलं घरात ऱ्हाईल. आमी उद्यापासून कुठं ऱ्हायचं? संगिताचा पेपर तोंडावर, पुरवणी परीक्षेचा. त्या खोलीशिवाय आमाला हिंगोलीत छप्पर न्हाई."

"घरात नाही सांगत. उद्या नऊला बागेत येते. सगळ्यांदेखत, माझ्या तोंडानं सांगते."

"तुमी तर बोलत न्हाई बागेत."

"पाणी घालून घरी येईन, अन् परत येईन. दुसऱ्यांदा येणाऱ्या बाईला बोलायला मनाई नाही."

"शब्द देता?"

सुमनबाईंनी पदराच्या टोकाला बांधलेलं देवळातलं कुंकू सोडलं, बोटानं पारुबाईच्या कपाळाला लावलं. "दिला."

संध्याकाळी उकंडराव आले ते टोपी काढून खुंटीला अडकवायच्या आतच बायकोनं सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांना तो चढवता येतही नव्हता. "माझा हात चिमीच्या फुलाला लागलाय," एवढंच म्हणाल्या.

"कोण चिमी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. उकंडराव खाटेच्या कडेवर बसले. आधी म्हणाले, काय भलतंच. मग म्हणाले, मिस्त्रीनं केलं. मग म्हणाले, फरशी थोडी कमी पडली, दुसरा ट्रक आलाच नाही, महिना लागायला तीन दिवस, बायांना शब्द दिलेला. मिस्त्री म्हणाला, पडलेले दगड आहेत, शंभर वर्षांत कोणी वारस आला का विचारायला? "मी हो बी म्हणलो न्हाई, न्हाई बी म्हणलो न्हाई."

"मला कुरुंद्याला धाडलंत. त्याला तांड्यावर धाडलंत. हे म्हणणंच झालं की."

"धर्माच्या कामासाठीच केलं ना मी? माझ्या घरात आला का एक तरी दगड?"

"त्याच्या घरात तरी कुठं आला? त्याला मात्र घरच सोडायला लावता."

उकंडरावांनी बायकोकडे पाहिलं. "हे बघ. मी काढून घेतो तक्रार. म्हणतो, पुरावा न्हाई. प्रेमसिंग राहील. कोणाला काही कळणार न्हाई. महिना झाल्यावर पार गुपचूप उकरून दगड जागेवर ठेवतो. झालं?"

हे ऐकताना सुमनबाईंच्या मनाला क्षणभर बरं वाटलं. सगळं जागच्या जागी. मग त्यांच्या लक्षात आलं, की मग प्रेमसिंग पुरावा न सापडलेला चोर म्हणून त्या फाटकाशी बसेल. आयुष्यभर. उत्तमराव कर्नलची कबर मोजत राहतील. बाया कुरडया वाळत घालताना पारुबाईकडे बघून धोतराचं टोक धरून बसतील. संशय इतका हलका असतो, की तो घालायला एक वाक्य पुरतं. काढायला मात्र कोणाला तरी नाव घेऊन उभं राहावं लागतं.

"अन् अधिक महिन्यात," उकंडराव म्हणाले, "नवऱ्याला चार लोकांत खाली मान घालायला लावणारी बाई कोणत्या नेमात बसती गं?"

 सासूबाई असत्या तर त्यांनी काय सांगितलं असतं, हे सुमनबाईंना ठरवता येईना. त्या उठून देवघरात गेल्या. समईची वात नीट केली. खूप वेळ बसल्या. बाहेर उकंडराव दोनदा खोकले, म्हणजे बोलावत होते. त्या गेल्या नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांनी पिंपळाला पाणी घातलं, पाराखाली उतरून तेहतीस फेऱ्या पूर्ण केल्या. फाटकाजवळच्या खोलीचं दार आज सताड उघडं होतं. दोन पेट्या बाहेर काढून ठेवलेल्या, वर गादीची वळकटी. प्रेमसिंग उंबऱ्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पारुबाईनं केली. सुमनबाई तशाच, मुक्यानं, घरी आल्या. तुळशीला पाणी घातलं. देवाचं नाव घेतलं.

उकंडराव न जेवता, टोपी घालून आधीच निघून गेले होते. बशीतला चहा तसाच होता, साय धरलेला.

सृष्टी दात घासत अंगणात आली. "आजी, आज्जा चिडलाय का गं? बोललाच नाही."

"चिडला असंल. तुझ्या आईला सांग, अनारसे डब्यात भरून ठेव म्हणावं, उघडे राहिले की मऊ पडतात."

"तू कुठं चाललीस? आत्ताच तर आलीस."

"बागेत."

घड्याळात पावणेनऊ झाले होते. सुमनबाईंनी हातपाय धुतले, धुतलेलं लुगडं नीट चापूनचोपून घेतलं, पदर डोक्यावरून खांद्यापर्यंत आणला. आळीच्या तोंडाशी दोघी-तिघी बाया बैठकीला निघाल्या होत्या. "काकू, तुमी बी?" एकीनं विचारलं. सुमनबाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या पुढं होऊन, रोजच्यापेक्षा थोडं भरभर, फाटकाच्या दिशेनं चालू लागल्या.